वन्यजीव बचावकार्य, बारामती–इंदापूर
पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या दोन तालुक्यांत अपघातात सापडलेल्या वन्यप्राण्यांना वाचवण्याचे वनविभागाचे काम. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य (स्थापना १९९७) अवघे ५.१४ चौ. किमी. असल्याने चिंकारा व लांडगे आसपासच्या शेतांत आणि इंदापुरातील कडबनवाडीसारख्या माळरानांवरही वावरतात. बिनकठड्याच्या विहिरी, भरधाव वाहने व मोकाट कुत्री हे त्यांचे मोठे शत्रू. विहिरीत पडलेल्या प्राण्यासाठी दोरखंडाने बाज किंवा पिंजरा सोडतात. चिंकारा हाती येताच त्याचे डोळे फडक्याने झाकावे लागतात. धसका आणि धडपडीने स्नायू निकामी होऊन अंगावर ओरखडा नसतानाही तो दगावू शकतो. म्हणून बघ्यांची गर्दी हटवणे हे वनरक्षकाचे पहिले आणि बहुधा सर्वांत अवघड काम. वनविभागाची मदतवाहिनी : १९२६.