२९ मे २०२४, दिल्ली : तापलेल्या शरीराचा घटनाक्रम

पहाटे ५ : दिल्लीत पत्र्याच्या खोलीत एक बिगारी उठतो. माणूस काल्पनिक आहे. दिवस, शहर आणि त्याच्या शरीरात घडणारं सारं खरं. अॅड्रिनल ग्रंथींनी पहाटेच कॉर्टिसॉल वाढवून त्याला कामाला सज्ज केलंय. मात्र पत्रा रात्रभर धगधगत होता, त्यामुळे शरीर निवलेलंच नाही.

सकाळी ९ : तो विटा वाहतोय. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस आहे. आत येणाऱ्या रक्ताचं तापमान तो मोजतो आणि मज्जातंतूंकरवी दोन हुकूम सोडतो : त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंद करा, घाम सोडा. अशा कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो.

सकाळी ११ : रक्त दाट होतंय. पिट्यूटरी ग्रंथी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. अल्डोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक मीठ वाचवतं, अगदी घामातलंसुद्धा. लघवी थोडी आणि गडद होते. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या तासाची. संप्रेरकं इतकी चोख काम करतात की माणसाला आपण ठणठणीत आहोत असंच वाटत राहतं. मुकादम विचारतो, ‘ठीक है ना?’ तो म्हणतो, ‘ठीक हूँ.’ तो खोटं बोलत नसतो.

दुपारी १ : हवा आता त्वचेपेक्षा कितीतरी गरम आहे. वारा लागला तरी उष्णता अंगात शिरते. उरतो फक्त घाम वाळण्याचा आधार. त्वचेला रक्त पुरवायचं म्हणून आतड्यांचं रक्त तोडलं जातं. उपाशी पडलेल्या आतड्याच्या भिंतीतून जिवाणूंची विषं रक्तात झिरपू लागतात. डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात.

दुपारी २.३० : मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंश. यंत्र ३ अंश जास्त दाखवत होतं, हे हवामान खात्याने नंतर सांगितलं. सफदरजंग केंद्रावरचे ४६.८ अंश मात्र खरे होते. ७९ वर्षांतला उच्चांक.

दुपारी ३.३६ : दिल्लीची विजेची मागणी ८,३०२ मेगावॉट, तोवरची सर्वाधिक. त्याच दुपारी काही भागांत तुरळक सरी पडतात. लोक सुखावतात, पण हवेतला दमटपणा वाढला की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. नवी मुंबईतल्या खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हातल्या जाहीर सोहळ्यात उष्माघाताने १४ जीव गेले, तेव्हाही पारा दिल्लीइतका चढलेला नव्हता.

दुपारी ४ : शरीराच्या गाभ्याचं तापमान ४० अंशांपुढे. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी उष्णतेला फार लवकर बळी पडतात. तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं. बघणाऱ्यांना वाटतं, प्यायलाय. अंग अजून घामाने ओलं असतं, म्हणून उष्माघाताची शंकाही कोणाला येत नाही. अंग कोरडं पडायची वाट पाहू नये. बरळणं हीच खूण पुरेशी आहे.

दुपारी ४.२० : झटका येतो, तो कोसळतो.

पुढचा अर्धा तास : सगळं यावर ठरतं. आधी जागेवरच गार करायचं, बर्फाच्या पाण्यात बुडवून किंवा अंगावर पाणी ओतत, वारा घालत, रुग्णालय त्यानंतर. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. राममनोहर लोहिया रुग्णालयात यासाठी बर्फाच्या पाण्याचे टब आहेत. त्याच आठवड्यात तिथे बिहारहून आलेला एक कारखाना कामगार दगावला. त्याचा ताप १०७ फॅरनहाइटच्या वर गेला होता. मजुरांना दुपारी १२ ते ३ भरपगारी विश्रांती द्या, असा नायब राज्यपालांचा आदेश निघाला तो याच २९ मे रोजी.

ताप ३९ अंशांखाली आला की रुग्णाला टबातून काढतात. यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू किती वाचले, ते पुढच्या दोन-तीन दिवसांच्या तपासण्यांत दिसू लागतं.