नामसंघात, इंटरनेटवरील

नामसंघात, इंटरनेटवरील : एखाद्या कार्यालयाच्या वा घराच्या खाजगी संगणकजालापुरते योजलेले नाव पुढे सार्वजनिक इंटरनेटवरही अस्तित्वात आले, तर त्या नावाने केलेली पृच्छा भलत्याच संगणकाकडे पोहोचण्याचा संभव असतो. या स्थितीस नामसंघात म्हणतात.

पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डोमेन-नाम पद्धतीत ‘कॉम’, ‘इन’ यांसारख्या अंत्यपदांची नोंद मूळ सर्व्हरांकडे असते. तेथे नसलेल्या अंत्यपदाची पृच्छा आल्यास ‘असे नाव नाही’, एवढेच उत्तर मिळते. या नकारावरच कित्येक संस्थांची सुरक्षितता नकळत विसंबून राहिली. कारण संगणक-व्यवस्थापकांनी ‘कॉर्प’, ‘होम’, ‘मेल’ अशी सुटसुटीत नावे कोणास न विचारता अंतर्गत जालासाठी घेतली होती. दोष सर्वस्वी त्यांचा नव्हे. १९९९ मध्ये ‘टेस्ट’, ‘एक्झाम्पल’, ‘इन्व्हॅलिड’ व ‘लोकलहोस्ट’ ही नावे राखून ठेवण्यात आली, परंतु अंतर्गत जालासाठी म्हणून त्यांत एकही नव्हते.

नावांचे नियमन करणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ मध्ये नव्या अंत्यपदांसाठी अर्ज मागविले, तेव्हा १,९३० अर्ज आले. अस्तित्वात नसलेल्या नावांच्या पृच्छा मूळ सर्व्हरांकडे मोठ्या प्रमाणावर येतात, असा इशारा संस्थेच्याच सुरक्षा व स्थैर्य सल्लागार समितीने २०१० मध्ये दिला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ‘होम’ व ‘कॉर्प’ ही सर्वांत धोकादायक ठरली. खाजगी नावांची नोंदवही कोठेच नसल्यामुळे बाहेर गळणाऱ्या पृच्छा हाच काय तो पुरावा होता.

ऑक्टोबर २०१३ पासून नवी अंत्यपदे मुळात दाखल होऊ लागली. २०१४ मध्ये ‘नियंत्रित व्यत्यय’ हा उपाय स्वीकारण्यात आला. नवे अंत्यपद वापरास खुले करण्यापूर्वी ९० दिवस त्याखालील पृच्छांना १२७.०.५३.५३ हा पत्ता उत्तरादाखल द्यावयाचा, अशी ही योजना होती. १२७ ने आरंभ होणारा पत्ता पृच्छा करणाऱ्या संगणकाकडेच वळत असल्याने माहिती बाहेर जात नाही. ५३ हा डोमेन-नाम सेवेच्या पोर्टचा क्रमांक असून तो दोनदा आलेला पाहून व्यवस्थापकास बिघाडाचे कारण उमगावे, हा हेतू. काम जाणूनबुजून अडवून लोकांना सावध करण्याची ही रीत कठोर, परंतु प्रामाणिक म्हटली पाहिजे. मात्र ज्याच्या कार्यालयात या आकड्यांचा अर्थ जाणणारा कोणी नव्हता, त्याला केवळ खोळंबाच वाट्यास आला.

धोका काल्पनिक नव्हता, हे ‘कॉर्प डॉट कॉम’ या जुन्या नावाच्या उदाहरणावरून दिसते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या प्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ‘कॉर्प’ हे नाव नमुन्यादाखल दिलेले असे व अनेकांनी ते तसेच राहू दिले. असा संगणक कचेरीबाहेर नेला की अंतर्गत सर्व्हराऐवजी तो सार्वजनिक ‘कॉर्प डॉट कॉम’चा शोध घेऊ शके. २०१९ मध्ये केलेल्या चाचणीत पावणेचार लाखांहून अधिक संगणक या पत्त्याकडे अंतर्गत माहिती पाठवू पाहत असल्याचे आढळले. तीत प्रवेशासाठीच्या ओळखखुणाही होत्या. १९९४ पासून एका व्यक्तीकडे असलेले हे नाव अखेर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विकत घेतले.

‘कॉर्प’, ‘होम’ व ‘मेल’ या अंत्यपदांचे अर्ज पुढे न नेण्याचा ठराव आयकॅनने फेब्रुवारी २०१८ मध्ये केला. खाजगी जालांसाठी ‘इंटर्नल’ हे अंत्यपद कायमचे राखून ठेवण्याचा निर्णय मात्र जुलै २०२४ मध्ये झाला. तोवर मूळ सर्व्हरांच्या नोंदीत बाराशेहून अधिक नव्या अंत्यपदांची भर पडून गेली होती.