थकलेला खंड आणि कॅप्टन बॉयकॉट

'त्याला बॉयकॉट करा' असं आपण खेड्यापाड्यांतसुद्धा सहज बोलून जातो. पण बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव होतं, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. तो राजा नव्हता की सेनापती नव्हता. एका जमीनदाराचा कारभारी होता, आणि त्याचं नाव शब्दकोशात गेलं ते थकलेल्या खंडापायी.

गोष्ट आयर्लंडातली. तिथली बहुतेक जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती होती. कसणारी कुळं खंड रोकडीने भरीत आणि स्वतःचं पोट बटाट्यावर भरीत. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं दगावली. पुढे १८७९ साली पुन्हा पीक बुडालं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढे जुने दिवस उभे राहिले. त्याच वर्षी मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने कुळांची 'लँड लीग' निघाली. अध्यक्ष झाले चार्ल्स पार्नेल.

मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या उमरावाची जमीन होती. मालक दूर राहायचे. वसुली पाहायचा कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. पीक वाईट म्हणून मालकांनी शेकडा १० सूट देऊ केली. कुळं म्हणाली, २५ द्या. आता, शेतात काय पिकलं ते पाहून कुळांशी बोलणं करता आलं असतं. पण थकबाकी म्हणजे कुळांचा माज, असा अर्थ घेतला गेला. घरं-जमिनी खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या. २२ सप्टेंबर १८८० रोजी नोटिसा घेऊन माणूस निघाला, बरोबर पोलीस. दोन-चार दारं झाली असतील, तोच गावच्या बायका धावून आल्या आणि त्यांनी चिखल-शेण मारून त्याला पिटाळलं.

तीनच दिवस आधी पार्नेल यांनी एका सभेत सांगितलं होतं: हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्या अंगाला हात लावू नका, रस्त्यात, दुकानात, बाजारात त्याच्याशी बोलू नका, एवढंच. लोकांनी तोच उपाय बॉयकॉटवर चालवला. गडी काम सोडून गेले. लोहार घोड्याला नाल मारीना, दुकानदार माल देईना. पीक शेतात उभंच राहिलं.

मग उत्तरेकडून ५० स्वयंसेवक कापणीला आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पीक होतं अंदाजे ५०० पौंडांचं; ते काढायला खर्च आला सुमारे १०,००० पौंड! १ डिसेंबरला बॉयकॉट कुटुंबासह निघून गेला. तिथल्या फादर ओमॅली या धर्मगुरूंनी शेतकऱ्यांच्या तोंडी बसेल असा शब्द सुचवला – 'बॉयकॉट'.

न्यायाने बोलायचं तर पुष्कळ जमीनदारही कर्जात बुडालेले होते. आणि हे हत्यारही दुधारी. बलवंताविरुद्ध उगारलं तर ते गरिबाची ढाल होतं. गरिबावरच उगारलं की त्यालाच आपण वाळीत टाकणं म्हणतो. म्हणून तर २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

शेवटी तोड निघाली ती कायद्यानेच. १८८१ च्या कायद्याने रास्त खंड ठरवण्याचं काम न्यायमंडळाकडे गेलं. १८८२ च्या कायद्याने लहान कुळांच्या जुन्या थकबाकीचा काही भाग सरकारने भरला, काही कुळाने भरला आणि उरलेली सुटली. म्हणजे जे १८८० साली ओट्यावर बसून, तुटेपर्यंत न ताणता मिटवता आलं असतं, तेच दोन वर्षांनी सरकारला करावं लागलं. दरम्यान कितीतरी चुली विझल्या.

शिक्षकबंधूंनी हा धडा मुलांना सांगताना सनावळीबरोबर एक हिशोबही फळ्यावर मांडावा: कुळं मागत होती २५, मालक देत होते १०. भांडण उरलं होतं शेकडा फक्त १५ चं.