तगर ते तेर : एका नावाची आणि एका संग्रहालयाची साक्ष

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर वारकऱ्यांना गोरोबाकाकांचे गाव म्हणून परिचित आहे. परंतु त्याचा इतिहास संतकाळाच्या हजार वर्षांहून अधिक मागे जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नगराचा उल्लेख येतो. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे.

हे तगर कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद होते. देवगिरी, जुन्नर अशी नावे सुचवली गेली. अखेर १९०१ साली फ्लीट यांनी तेरचा पक्ष मांडला आणि तो मान्य झाला. भाषेचा पुरावाही त्यास अनुकूल आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ग’ लोपतो. ‘नगर’चे ‘नयर’ आणि पुढे ‘नेर’ होते. संगमनेर, अमळनेर यांतील ‘नेर’ सहसा असाच उलगडला जातो. त्याच नियमाने ‘तगर’चे ‘तेर’ झाले. विद्वान ज्या नगराचा शोध घेत होते, त्याचे नाव गावकऱ्यांच्या तोंडी कधी पुसलेच नव्हते.

या नावाला वस्तूंची जोड मिळाली ती रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. पांढरीच्या टेकाडांतून मिळणारी मृण्मूर्ती, मणी, नाणी, शंखाचे अलंकार त्यांनी वर्षानुवर्षे जतन केले. आज तेरचे शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने उभे आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे साम्य इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील प्रतिमेशी आहे. १९५८च्या उत्खननानेही सातवाहनकालीन वस्तीला दुजोरा दिला.

सीमाभागातील वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कोल्हापूरचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत आणि त्यांचे लेख संस्कृत व कन्नड भाषांत आहेत. तेर स्वतः १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. राज्ये बदलली, लेखांच्या भाषा बदलल्या. नाव मात्र बोलीने सांभाळले. म्हणून आपल्या गावाचे, शिवाराचे, ओढ्याचे नाव कागदावर बदलण्यापूर्वी वडीलधारी माणसे ते कसे उच्चारतात, हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. खापराचा तुकडा जमिनीत दोन हजार वर्षे टिकतो. उच्चार मात्र बोलणाऱ्याबरोबर जातो.