एकट्याची साधना की मंडळाची दीक्षा?
(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घाटकोपरच्या माझ्या बिऱ्हाडी आला. शाळेत असताना गणितात हुशार; आता एका कचेरीत नोकरीस आहे. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून दोन पुस्तके काढली. एक मंत्रशास्त्राचे, दुसरे विलायती जादूविद्येचे. मग संकोचाने म्हणाला, "गुरुजी, ही विद्या घरी एकट्याने अभ्यासावी, की एक मंडळ आहे त्यात नाव घालावे? मंडळवाले म्हणतात, एकट्याने केले तर वेड लागते. पुस्तकात लिहिले आहे की मंडळाची मुळीच गरज नाही." मला हसू आले, पण तो हसेना, तेव्हा मीही हसू आवरले. त्या विद्येत तथ्य किती याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नव्हे. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. म्हणून मी त्याला एका मराठी तरुणाची हकीकत सांगितली. तीच आज आपणांस सांगावी म्हणतो.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात दोन परदेशी पाहुणे उतरले. एक रशियन बाई मॅडम ब्लाव्हाट्स्की, दुसरे अमेरिकन गृहस्थ कर्नल ऑल्कॉट. १८७५ साली न्यूयॉर्क येथे स्थापलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे हे संस्थापक. त्यांनी गिरगाव बॅक रोडवर बिऱ्हाड थाटले आणि ऑक्टोबरात 'थिऑसॉफिस्ट' मासिक सुरू केले. हिमालयापलीकडे काही सिद्ध महात्मे राहतात व त्यांच्याकडून गूढ विद्या मिळते, असे ब्लाव्हाट्स्कीबाईंचे सांगणे. इंग्रजी शिकलेल्या तरुणांस त्या काळी आपल्या धर्माविषयी कोणी गोरा माणूस चांगले बोलतो याचेच नवल वाटे. त्यात ही बाई योगसिद्धींच्या गोष्टी सांगणार! गर्दी न जमती तरच आश्चर्य.

त्या गर्दीत दामोदर मावळणकर नावाचा तरुण होता. जन्म १८५७ सालचा, अहमदाबादेत स्थायिक झालेल्या सुखवस्तू कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबातला. लहानपणी मोठ्या दुखण्यात त्याला एका तेजस्वी पुरुषाचे दर्शन झाले होते व त्या पुरुषाने औषध दिले होते, असे तो सांगे. ब्लाव्हाट्स्कीबाईंचा 'आयसिस अनव्हेल्ड' हा ग्रंथ वाचून तो भारला आणि ऑगस्ट १८७९ मध्ये सोसायटीचा सभासद झाला. येथवर काही वावगे नाही. सभासद पुष्कळ झाले होते, खुद्द त्याचे वडीलही पुढे झाले. पण दामोदर वर्गणी भरून घरी परतणाऱ्यांतला नव्हता. तो मंडळाच्या बिऱ्हाडीच राहावयास गेला. १८८० साली त्याने जातिबंधन सोडल्याचे मासिकात स्वतः लिहून जाहीर केले, संस्थापकांबरोबर सिलोनला जाऊन आला आणि पत्नीच्या पोटापाण्याची तजवीज करून वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्कही सोडला. लहानपणीच लग्न झालेल्या त्या मुलीस कोणी विचारले होते की नाही, कोण जाणे. वडील संतापले, सोसायटीतून बाहेर पडले. पितापुत्रांत कायमचे वितुष्ट आले.

आणि मंडळात त्याला मिळाले काय? मासिकाची व्यवस्था, वर्गणीदारांचे हिशेब, ढिगांनी पत्रव्यवहार. रात्र रात्र तो लेखणी चालवीत बसे. गूढ विद्येचा हा विद्यार्थी प्रत्यक्षात एक उत्तम कारकून झाला, असे म्हटल्यास थिऑसॉफिस्ट मंडळींनी रागावू नये. त्याच्यावाचून मासिक चालते ना, हे सर्वांस मान्य आहे. १८८२ च्या डिसेंबरात सोसायटीचे ठाणे मद्रासजवळ अड्यारला गेले, त्याबरोबर तोही गेला. पुढच्याच वर्षी जुलैत ब्लाव्हाट्स्कीबाईंनी शिष्यत्वाची घाई करणाऱ्यांस मासिकातून खरमरीत इशारा दिला: सात वर्षे कसोटीची, आणि या वाटेवर पाऊल टाकताच मनात दडलेले सारे गुणदोष उफाळून येतात. हा इशारा मला प्रामाणिक वाटतो. पण तो चार वर्षे उशिरा आला; तोवर कित्येक तरुण घरदार दुरावून बसले होते.

१८८३ च्या नोव्हेंबरात ऑल्कॉटांबरोबर जम्मूस गेला असता दामोदर दोन दिवस नाहीसा झाला आणि आपण गुरूंच्या आश्रमी जाऊन आलो असे सांगत परतला. पुढल्या वर्षी महात्म्यांच्या पत्रांबाबत लबाडीचा बोभाटा झाला. लंडनच्या एका संशोधन संस्थेचे हॉजसन नावाचे तपासनीस अड्यारला आले. १८८५ च्या त्यांच्या अहवालात दामोदरावरही संशय घेतला आहे. पुढे १९८६ साली त्याच संस्थेच्या पत्रिकेत व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालाच्या पद्धतीवर कडक टीका केली, हेही सांगितले पाहिजे. ते काही असो. अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा दामोदर तेथे नव्हताच. गुरूची आज्ञा झाली म्हणून २३ फेब्रुवारी १८८५ रोजी तो तिबेटच्या वाटेने निघाला होता. दार्जिलिंगहून सिक्कीममध्ये शिरला. प्रकृती नाजूक, वय सत्तावीस. त्याच्या रोजनिशीतली शेवटची नोंद २३ एप्रिलची आहे. सामान व रोजनिशी देऊन त्याने हमालांना परत पाठविले आणि एकटा पुढे गेला. पुढे बर्फात प्रेत सापडल्याची वार्ता आली. ऑल्कॉटांनी ती खरी मानली नाही. तो पुन्हा कोणास दिसला नाही.

माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे मंडळात जाऊ नये?" मी म्हटले, इतकी घाई नको. आपल्याकडे एकट्यांचीही कथा आहे. चांगदेव सिद्धीच्या बळावर चौदाशे वर्षे जगले असे परंपरा सांगते. पण ज्ञानेश्वरांस पत्र लिहू म्हणता मायना सुचेना, कोराच कागद गेला. उत्तरात पासष्ट ओव्या आल्या, आणि पुढे त्यांनी वयाने लहान अशा मुक्ताबाईस गुरू केले. उलट तुकोबांस बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. ना मंडळ, ना सोहळा, ना दक्षिणा. साधनेस भंडाऱ्याचा डोंगर. मात्र पंढरीची वारी त्यांच्या घराण्यात होतीच, आणि वारीत चुकणाऱ्यास टोकणारी माणसे भोवती असतात. तेथे माळ घातली म्हणून कोणी बापाचे घर सोडावयास सांगत नाही.

त्याच्या विलायती पुस्तकातला वादही काही फार जुना नव्हे. इंग्लंडात १९५१ साली चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाला; १९५४ मध्ये जेरल्ड गार्डनर यांनी या पंथावर पुस्तक लिहिले. त्यांच्या मते दीक्षा मंडळातच घ्यावयाची. १९८८ साली स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाने खास एकट्यासाठी मार्गदर्शिका काढली. तीच प्रत, कोपरे दुमडलेली, माझ्या मेजावर होती. मंडळांविषयी सांगायचे तर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नव्हे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच साली ऑगस्टात खून झाला, त्यानंतर तो आला.

मी त्याला एवढेच विचारले, "त्या मंडळात तू गेलास आणि चार महिन्यांनी नकोसे वाटले, तर परत कसा येणार? तुझ्या आईस ठाऊक आहे का?" त्याने मान खाली घातली. आईस ठाऊक नव्हते. दीक्षेच्या दिवशी पगाराचा काही भाग आणि मौनाची शपथ द्यावयाची होती, हेही त्याने मग सांगितले. पाऊस वाढला होता. त्याने छत्री घेतली, पुस्तके मात्र माझ्याकडेच ठेवली. पुढच्या रविवारी नेतो म्हणाला. तो रविवारी आला खरा. आईस बरोबर घेऊन आला होता.