मोटारसायकल आणि कच्चा रस्ता



गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या पुतण्यानें एक मोटारसायकल विकत घेतली. बैठक उंच, पुढें चोंचीसारखा पत्रा, मागें पेट्या अडकविण्याची सोय, आणि जाहिरातीच्या चित्रांत डोंगर व धुळीचे लोट. आमच्या गांवाकडे जाणाऱ्या रस्त्याचा शेवटचा तुकडा अद्याप खडी आणि मुरमाचा आहे. डांबर संपल्यावर दुसऱ्याच वळणावर स्वारी गाडीसह आडवी झाली. मनगटाचें हाड मोडलें. प्लॅस्टरमधला हात पुढें करून त्यानें मला विचारलें, "काका, गाडी साहसाची म्हणून घेतली; मग ती खडीवर उभी कां राहिली नाहीं?"

शाळेंतील मुलांना इतिहास शिकविण्यांत माझी हयात गेली. यंत्रांतलें मला फारसें कळत नाहीं. परंतु ह्या प्रश्नाचा शोध घेऊं लागलों तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, त्याचें अर्धें उत्तर यंत्रशास्त्रांत असलें तरी उरलेलें अर्धें इतिहासांतच आहे. तेंच आज आपल्यापुढें मांडतों.

आपली सर्वसाधारण समजूत अशी कीं, मोटारसायकल प्रथम चांगल्या रस्त्यासाठीं निर्माण झाली आणि पुढें कांहीं धाडसी लोकांनीं ती आडरानांत नेली. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. मोटारसायकल जन्मली तेव्हां चांगला रस्ता जवळजवळ नव्हताच. खडी आणि डांबर एकत्र करून रस्ता बांधण्याच्या पद्धतीचें पेटंट एडगर हूली ह्या ब्रिटिश इंजिनिअरनें १९०२ सालीं घेतलें. अमेरिकेंत १९०४ सालीं ग्रामीण रस्त्यांची मोजदाद झाली. तेव्हां शंभरांत सुमारें ७ मैलांवरच कोणत्या ना कोणत्या प्रकारचा बांधीव पृष्ठभाग आढळला. बाकी सारी माती, वाळू आणि चिखल.

अशा काळीं जॉर्ज वायमन नांवाचा तरुण १६ मे १९०३ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्कोहून न्यूयॉर्कला जावयास निघाला. त्याचें वाहन म्हणजे पायडल असलेल्या सायकलला जोडलेलें सव्वा अश्वशक्तीचें इंजिन. चाकाला गति देणारा पट्टा चामड्याचा. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत रस्ता असा नव्हताच. तेव्हां त्यानें गाडी आगगाडीच्या रुळांमध्यें घातली आणि लांकडी स्लीपरांवरून आपटत आपटत मजल मारली. शेवटीं शेवटीं इंजिन पार निकामी झालें. उरलेले सुमारें १५० मैल तो पायडल मारीत गेला, आणि ६ जुलैला न्यूयॉर्कांत पोहोंचला. होरेशिओ नेल्सन जॅक्सन ह्यानें तोच खंड मोटारगाडीनें प्रथम ओलांडला, तो वायमननंतर वीस दिवसांनीं पोहोंचला. म्हणजे अमेरिका खंड इंजिनाच्या वाहनानें ओलांडण्याचा पहिला मान मोटारसायकलीचा, आणि तोहि कच्च्या वाटेवरचा.

पुढें १९१६ सालीं ऑगस्टा आणि ॲडेलिन व्हॅन ब्यूरेन ह्या दोघी बहिणींनीं 'इंडियन' कंपनीच्या दोन मोटारसायकली घेऊन न्यूयॉर्कहून कॅलिफोर्निया गांठलें. युद्धकाळीं निरोप्याचें काम स्त्रिया करूं शकतात, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. वाटेंत पुरुषी पोषाख केल्याबद्दल पोलिसांनीं त्यांना अडविलें. पाइक्स पीक ह्या १४,००० फुटांहून उंच शिखरावर स्वतः यांत्रिक वाहन चालवून पोहोंचणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत. प्रवास तडीस गेला, तरी निरोप्याच्या कामासाठीं ॲडेलिननें केलेला अर्ज सैन्यानें नाकारला. इतिहासांत असें पुष्कळदां घडतें. पुरावा समोर असतो, परंतु तो पाहावयास डोळे तयार नसतात.

पहिल्या महायुद्धांत हीच कसोटी हजारों पुरुषांना लागली. इंग्लंडच्या 'ट्रायंफ' कारखान्यानें ५५० सी.सी.ची 'मॉडेल एच' ही गाडी सैन्याला पुरविली. अशा सुमारें ३०,००० गाड्या गेल्या. फ्लँडर्सच्या चिखलांतून निरोप पोहोंचविणाऱ्या ह्या यंत्रांना कोणीं 'साहसाची गाडी' असें नांव दिलें नव्हतें. तीं नेहमींच्याच ठेवणीचीं यंत्रें होतीं, आणि रस्ते वाईट असावयाचेच, हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ सालीं लंडनहून डग्लस मोटारसायकलीवर निघाला आणि दीड वर्षांत आपल्या हिंदुस्थानासह बावीस देशांतून जग फिरून १९३३ च्या नाताळच्या सुमारास न्यूयॉर्कला परतला. त्यानंतर वर्षभरानें, ११ डिसेंबर १९३४ रोजीं, थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन ह्या दोघी ६०० सी.सी.च्या 'पँथर' गाडीला बाजूची बैठक आणि मागें गाडा जोडून लंडनहून निघाल्या, आणि सहारा वाळवंट ओलांडून १९३५ च्या जुलैअखेर केपटाऊनला पोहोंचल्या. वाळवंटांत त्यांचें इंजिन मोडलें. तें दुरुस्त करून त्या पुढें गेल्या. ह्या सर्वांच्या यशाचें मूळ गाडीपेक्षां त्यांच्या हातांत, पायांत आणि धीरांत होतें, हें लक्षांत ठेवावें.

मग फरक केव्हां पडला? रस्ते सुधारले तेव्हां. डांबर पसरत गेलें तसतशी गाडीहि बदलत गेली. वेगासाठीं बैठक खालीं आली, चाकांचीं स्प्रिंगें आंखूड व कडक झालीं, टायर गुळगुळीत झाले. उलट कच्च्या वाटेसाठीं हलकीं व उंच यंत्रें निराळीं निघालीं. यामाहा कंपनीची १९६८ सालची २५० सी.सी.ची 'डीटी-१' ही त्यांतली प्रसिद्ध गाडी. एकाच घरांतल्या दोन भावांनीं वाटण्या करून घ्याव्यात तसा हा प्रकार झाला. तरीहि १९७३ सालीं टेड सायमन हा इंग्रज पत्रकार ५०० सी.सी.ची रस्त्यावरची साधी ट्रायंफ घेऊन निघाला आणि चार वर्षें जगभर, आपल्या देशांतहि, फिरला.

वाटण्या झालेलें घर पुन्हां एकत्र करण्याचा मोठा प्रयत्न १९८० सालीं जर्मनींत झाला. बी.एम.डब्ल्यू. कंपनीनें 'आर ८० जी/एस' ही गाडी काढली. तिच्या नांवांतील दोन अक्षरें 'गेलेंडं' आणि 'श्ट्रासं' ह्या दोन जर्मन शब्दांचीं. एकाचा अर्थ रान, दुसऱ्याचा रस्ता. इंजिन सुमारें ८०० सी.सी.चें, ५० अश्वशक्तीचें. पुढचें चाक २१ इंची. वजन २०० किलोंच्या आंत. पॅरिस ते डाकार ही वाळवंटी शर्यत १९७८ च्या डिसेंबरांत सुरू झाली होती. ती हुबेर ओरिओल ह्यानें १९८१ आणि १९८३ सालीं, आणि गास्ताँ राहिए ह्यानें १९८४ आणि १९८५ सालीं बी.एम.डब्ल्यू.वर जिंकली. त्या विजयानें ह्या प्रकारच्या गाडीला कीर्ति आली, आणि कीर्तीबरोबर गिऱ्हाईकहि आलें.

येथेंच माझ्या पुतण्याच्या प्रश्नाचें ऐतिहासिक उत्तर आहे. ज्यांनीं ह्या गाड्या घेतल्या त्यांतील बहुतेकांचा प्रवास डांबरावरच होता. त्यांना उंच बैठक, मोठी टांकी आणि सरळ पाठीनें बसण्याचें सुख हवें होतें. वाळवंट नको होतें. कारखानदारांनीं त्यांची गरज ओळखली. त्याच घराण्यांतील १९९४ ची 'आर ११०० जी.एस.' पेट्रोलसह २४० किलोंवर गेली आणि तिचें पुढचें चाक १९ इंची झालें. पुढें इतर कारखान्यांच्या कित्येक गाड्यांना तर शर्यतीच्या गाडीसारखें १७ इंची चाक, ओतीव रीम आणि रस्त्याचे टायर आले. अंगरखा रानाचा राहिला, पाऊल मात्र शहराचें झालें. ह्याला मी फसवणूक म्हणत नाहीं. अशी गाडी लांबच्या प्रवासाला उत्तमच असते. परंतु अंगरख्यावरून पावलाची परीक्षा करणारा गिऱ्हाईक फसतो, तो स्वतःच्या समजुतीनें फसतो.

आतां उरलेलें अर्धें उत्तर. डांबरावर टायर रस्त्याला चिकटून धरतो. खडीवर त्याच्याखालीं सुटे दगड घरंगळतात. लहान चाक खळग्यांत अधिक बुडतें, मोठें चाक त्यावरून सहज जातें. सुट्या खडीवर पुढचें चाक थोडें डावीउजवीकडे भरकटणारच. हातांनीं दांडा घट्ट आवळून धरला तर तें भरकटणें थांबत नाहीं, उलट साऱ्या गाडीला हिसके बसतात. म्हणून जाणते स्वार पायांच्या खुंट्यांवर उभे राहतात, गुडघे किंचित् वांकवून टांकीला टेकवितात आणि हात सैल ठेवतात. मग पाय हेच स्प्रिंग होतात आणि गाडी अंगाखालीं मोकळी हालते. पुढचा ब्रेक वळणावर एकदम दाबला कीं चाक घसरलेंच. चाक अडकूं न देणारी ए.बी.एस. ही योजना डांबरावर जीव वांचविते. परंतु खडीवर अडकलेल्या चाकापुढें खडीचा जो ढीग सांचून गाडी थांबावयाची, तो ती सांचूं देत नाहीं, त्यामुळें थांबण्याचें अंतर वाढूं शकतें. म्हणून अनेक गाड्यांत निदान मागच्या चाकापुरती ती बंद करण्याची सोय असते. टायरांतील हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र डांबर लागतांच ती पुन्हां भरावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचें, वेग वळणाच्या आधीं कमी करावा, वळणांत नव्हे.

वजन आणि ऐट हीं कच्च्या वाटेवर कशीं ओझें होतात, ह्याचा एक दाखला सांगतों. १९०३ सालीं नव्हे, तर २००४ सालीं ईवन मॅग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोघे नट मोठ्या बी.एम.डब्ल्यू. गाड्यांवर लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला निघाले. मंगोलियांत त्यांच्याबरोबरच्या छायाचित्रकाराची तशीच गाडी मोडली. तेव्हां त्यानें तेथेंच एक साधी, हलकी रशियन मोटारसायकल विकत घेतली आणि तिच्यावर बसून तो चिखल तुडवूं लागला. आपल्या देशांतहि रॉयल एन्फील्डनें २०१६ सालीं 'हिमालयन' ही गाडी काढली, ती केवळ ४११ सी.सी.ची, परंतु तिचें पुढचें चाक पुन्हां २१ इंची होतें. कारखानदारहि कधीं कधीं मागचे धडे पुन्हां वाचतात.

पुतण्याला मीं हें सारें सांगितलें. तो थोडा हिरमुसला. गाडी विकावी काय, म्हणाला. मीं म्हटलें, "वायमनजवळ सव्वा अश्वशक्ति होती, तुझ्याजवळ कितीतरी पट आहे. गाडी विकूं नकोस. तिची ओळख करून घे." प्लॅस्टर निघाल्यावर त्यानें टायर बदलले आणि गांवाबाहेरच्या मोकळ्या मैदानांत उभ्यानें गाडी चालविण्याचा सराव केला. मागल्या महिन्यांत तो पुन्हां आमच्याकडे आला. डांबर संपतें तेथें वडाचें झाड आहे. त्याच्या सावलींत उतरून त्यानें चाकांतली हवा कमी केली, आणि तेथून पुढें माझ्या दारापर्यंतचा तुकडा अगदीं सावकाश आला. उशीर झाल्याबद्दल त्यानें माफी मागितली. मला मात्र त्या उशिराचाच आनंद झाला.