वाचन (गिरणगावातील)

वाचन : (नाम, नपुंसकलिंगी) लिहिलेला मजकूर मनात किंवा मोठ्याने उच्चारून समजून घेणे. संस्कृत ‘वच्’ म्हणजे बोलणे; त्या धातूशी इमान राखणारा अर्थ, म्हणजे लिहिलेले दुसऱ्याला बोलून दाखवणे, मुंबईच्या गिरणगावात, लोअर परळ-लालबागच्या चाळींत, विसाव्या शतकातही नांदत होता. एक वाचणार, बाकीचे ऐकणार. गावाकडून आलेले कार्डही अक्षरओळख असलेल्या गाळेकऱ्याकडून वाचून घेतले जाई, त्यामुळे घरची भांडणे खोलीभर कळत.

श्रावणात पोथी लावत. श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ (१७१८) किंवा मालूंचा चाळीस अध्यायांचा ‘नवनाथ भक्तिसार’ या ठरलेल्या पोथ्या. एकजण ओवी वाची, दुसरा अर्थ लावी. अक्षरशत्रू असलेलाही ‘पोथीला गेलो होतो’ असे म्हणे आणि त्यात काही खोटे नसे. ग्रंथ नेमाने आद्यंत वाचणे ते पारायण. ‘गुरुचरित्रा’चे बहुधा सात दिवसांत करतात. त्यात समजण्यापेक्षा नेम न मोडणे महत्त्वाचे, हे कबूल करावे लागते.

वर्तमानपत्राचे वाचनही असेच सामुदायिक. अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत निघाला. त्याची भाषाच मोठ्याने वाचावी अशी होती. याउलट, शेजाऱ्याशी न बोलता आपापले वाचण्याची सवय वाचनालयांनी लावली. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने (१९११) कामगारवस्तीत रात्रशाळांबरोबर वाचनालयेही चालवली. लोअर परळच्या डिलाईल रोडला पुढे जोशींचेच नाव मिळाले.

इतर वापर : सभेतले अहवालवाचन, तालमीआधीचे नाट्यवाचन, रंगमंचावरचे अभिवाचन, विधिमंडळात विधेयकाचे पहिले, दुसरे, तिसरे वाचन. तक्रारींचा ‘पाढा’ वाचतात, मन ‘वाचतात’, हात मात्र ‘बघतात’. विजेच्या मीटरचे ‘रीडिंग’ बेस्टचा माणूस ‘घेतो’. तिथे मराठी शब्द कोणी वापरत नाही.

चावडीवाचन : गावच्या जमिनीच्या नोंदी तलाठ्याने गावकऱ्यांसमोर वाचून दाखवणे. हरकत असल्यास तिथेच सांगता येते. साताऱ्या-रत्नागिरीकडचा गिरणी कामगार तेव्हा मुंबईत पाळीवर असे. सातबाऱ्यावर त्याचे नाव आहे की भावानेच सगळे लावून घेतले, हे चावडीवर वाचले जाताना तो बहुधा हजर नसे.